भुऱ्याच्या झोपेत

१९६१ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी नेरच्या दवाखान्यात नर्स होते आणि मथुराबाईंच्या घरी भाड्यानं राहत होते. बैलगाडीवरून पडल्यापासून त्यांचे दोन्ही पाय लुळे होते. कापूस वेचायला सून नलू सकाळीच वावरात जाई. घरी बाजेवर मथुराबाई, आणि त्यांच्या पायांना पाठ लावून झोपणारा भुऱ्या कुत्रा.

दुपारी जेवायला आले की मी त्यांच्या पायांना तेल चोळून देई. एकदा दोघंही गाढ झोपली होती. भुऱ्याचे पाय हवेतच धावत होते, गळ्यात बारीक भुंकणं. कुत्री स्वप्नात असं करतातच. मला हसू आलं, आणि नजर मथुराबाईंच्या पायांवर गेली.

तेही धावत होते. त्याच ठेक्यात.

माझ्या हातातली तेलाची वाटी कलंडली. टाचणी टोचली तरी न हलणारे पाय होते ते! तेवढ्यात मथुराबाई जाग्या झाल्या. घामानं निथळत होत्या, डोळे लकाकत होते.

"निसटला वं बाई! ससा! तुरीत शिरला."

"पाय हलवा बरं, मथुराबाई!"

पाय लाकडासारखे पडून राहिले.

डॉक्टर म्हणाले, झटके असतील. पण रोज दुपारी ते पाय तसेच धावत, आणि मला दुपारची ओढच लागली. वाळलेल्या पोटऱ्या बोटांखाली भरत चालल्या होत्या. मग एके दिवशी त्यांच्या तळव्यात रुतलेला गोखरूचा काटा सापडला. संध्याकाळी मी नलूला विचारलं, "यांना कोणी खाली उतरवलं होतं का?"

"कोन उतरवन, बाई? मी त वावरात होती."

मथुराबाई बाजेवरून हसल्या. "लय पळतो आमी. मले मधातच उठवू नोका."

मी त्यांना कधी मधेच उठवलं नाही.

एका दुपारी नलू डोकं दुखतं म्हणून घरीच होती. बाज करकरायला लागली तशी ती धावत आली. आम्ही दोघी पाहत राहिलो. चार पाय, दोन पाय, एकच धाप. वेग वाढत गेला.

आणि सगळं एकदम थांबलं.

मथुराबाईंनी डोळे उघडले. पाय खाली सोडले. उभ्या राहिल्या.

"माय वं! आत्याबाई उभ्या झाल्या!" नलू किंचाळली. मी तिला मिठीच मारली. दोघी रडत होतो, हसत होतो.

मथुराबाई अंगण ओलांडून निघाल्या. नाक वाऱ्याकडे उचललेलं.

"मथुराबाई, हळू!" मी आनंदानं ओरडले.

त्यांनी वळून पाहिलं नाही.

"मथुराबाई!"

माझ्या मागे बाज करकरली. भुऱ्या पडल्या जागीच होता, पाय लाकडासारखे. त्यानं फक्त मान वळवली आणि हाकेला ओ द्यावी तसा तोंड उघडून माझ्याकडे पाहत राहिला.