सात नंबरचा खाडा

तो पहिल्यांदा आला तेव्हा श्रावणातली झड लागली होती, चार-चार दिवस कपडे वाळू न देणारी. राजापेठेतल्या अभ्यासिकेच्या दारात तो शर्टाखाली लॅपटॉप लपवून उभा होता. तिथली हजेरी सांभाळणाऱ्या ज्योत्स्नाने रजिस्टरमधून मान वर केली.

"एमपीएससी का?"

"नाही... नोकरी. इथे बसून करायचीय."

"नोकरी हाये तं अमरावतीले कावून आले?"

"कंपनी पैसे देतेय," तो हसला. "पुणं सोडून वर्षभर छोट्या शहरात राहायचं. दोन लाख रुपये, आणि पुढे कायम तिथूनच काम करायची परवानगी. फक्त दर महिन्याला कुणीतरी लिहून द्यायचं, की हा माणूस खरंच इथे राहतो."

ते काम ज्योत्स्नाच्याच गळ्यात पडलं. दर पाच तारखेला दाखला जाई : रोहित, टेबल नंबर सात, हजर.

"इतकं लक्ष असतं तुमचं माझ्यावर?"

"पगारच त्याचा भेटते मले."

पण त्याच्या चहात साखर किती, हे काही पगारात बसत नव्हतं. उन्हाळ्यात कूलर हळूच सात नंबरकडे सरकला, ‘तुमी’चं ‘तू’ झालं. तिच्या बाबांना, देवरावांना, सगळं कळत होतं. ते पेपरात तोंड खुपसून बसत.

अकरा दाखले गेले. बाराव्याला तिचा हात अडला. पैसे मिळाले की याला इथे कोण धरून ठेवणार? विचारायची छाती होईना. अभ्यासिकेत ज्याचा खाडा पडे, त्याचा पास तेवढा पुढे वाढे. कंपनीचंही तसंच असेल, असं तिने मनाला समजावलं. एकच महिना वाढेल... दाखला ड्रॉवरमध्येच राहिला.

दहा तारखेला रोहित चेहरा पाडून आला. "बारावा दाखला पोचला नाही म्हणे. योजनेतून नाव काढलं. सोमवारी पुण्यात हजर व्हायचंय."

तिने ड्रॉवर उघडला. "मीच नाई पाठवला."

"का?"

"तू जाशीन म्हणून... मले वाटलं, महिना वाढते. जीव जडला माहा तुह्यावर."

त्याने तो कागद हातात घेतला. "बडनेरा रोडला दोन खोल्या बघून ठेवल्यात मी. पैसे आले की बाबांकडे तुला मागायला येणार होतो. वेडे, एकदा विचारायचंस तरी..."

तिने स्वतः कंपनीला फोन लावला, रडत चूक कबूल केली. तारीख गेली, एवढंच उत्तर आलं. नोकरी सोडायची त्याची सोय नव्हती. बहिणीचं शिक्षण त्याच्या पगारावर चाललं होतं.

रविवारी बडनेऱ्याच्या फलाटावर तिने विचारलं, "रागावला?"

"हो," तो म्हणाला. पण गाडी हलेपर्यंत त्याने तिचा हात सोडला नाही. "मी येईन... कधी, ते नाही सांगता येत."

सोमवारी पुन्हा तीच झड. पिंकी नावाची नवी पोरगी सात नंबर मागू लागली. "रिकामंच तं हाये, ताई."

"रिकामं नाई. पास चालू हाये त्यायचा."

ज्योत्स्नाने डोळे पुसले, रजिस्टर ओढलं आणि रोहितच्या नावापुढे लिहिलं : खाडा.