पांघरुणाचा घास

"पांघरूण उपाशी ठिवू नये," असं आत्या म्हणाल्या होत्या आणि मी हसले होते.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबाई. आमच्या माळेगावात सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या असल्या सूचना दिवसभर चालू असतात. रिकामा पाळणा हलवू नकोस, बाळाचे कपडे तिन्हीसांजेला दोरीवर ठेवू नकोस, कात्री उगीच वाजवू नकोस. सगळं ऐकायचं ठरवलं तर हात बांधून बसावं लागेल. वाकळ शिवण्याचाही त्यांचा एक नियम आहे. जुन्या लुगड्यांचे थर लावून टाके घालत आलं की शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा. ज्याच्या अंगावर ती वाकळ पडणार, त्याच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा त्या कोपऱ्यातून आत सरकवायचा आणि मगच कोपरा बंद करायचा. वाकळेला पोट असतं, म्हणे. ते रिकामं ठेवायचं नाही.

माझ्या हातातला क्रोशाचा चौकोन त्यांनी उजेडाकडं धरला. "आन् ह्या जाळीला घास कुठं घालशील, अनिता? हितं तर समदी भोकंच हायती."

"तिला पोटच नाही ना, आत्या. मग भूक तरी कशी लागेल?"

"ज्याला पोट हाय, ते भरतं तरी," त्या म्हणाल्या. "बिनपोटाचं कवा भरायचं?"

मी हसून चौकोन परत घेतला आणि पुढचा खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, घातला.

मी नमुने तपासते. पुण्याच्या एक बाई क्रोशाचे चौकोन रचतात. नमुना विकायला काढण्याआधी तो लिहिल्याप्रमाणे विणला जातो का, सूत किती लागतं, धुतल्यावर आकसतो का, हे बघायला आम्हा काही जणींकडे पाठवतात. बाकीच्या जणी फोटो पाठवतात. मी आकडे पाठवते. माझं बी.एस्सी. रसायनशास्त्रात झालंय, आणि शंभू झाल्यावर प्रयोगशाळेतली नोकरी सुटली तरी सवय सुटलेली नाही. चौकोन विणला की मोजायचा, धुवायचा, टॉवेलवर टाचण्या लावून सपाट वाळवायचा, परत मोजायचा. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन.

हा नमुना बाळाच्या पांघरुणाचा होता. मधोमध एक रिकामं वर्तुळ, त्याभोवती खांब, आणि कडेनं मुक्या खांबांची चौकट. मुका खांब म्हणजे सगळ्यात बुटका, घट्ट टाका. नमुना सरळ होता. प्रश्न सुताचा होता. अ‍ॅक्रिलिकचा चौकोन हलका झाला, पण शंभूच्या मानेला त्याखाली घाम यायला लागला. सुप्याच्या बाजारातून माझा नवरा ऋषिराज धनगरी लोकर घेऊन आला; ऊब चांगली, पण गालाला टोचणारी. शेवटी बारामतीतल्या दुकानातून सुती लडी आणल्या. ज्वारीच्या दाण्याचा रंग, मधल्या वर्तुळाला हळदी, चौकटीला गर्द हिरवा. दुकानदार सुती म्हणाला म्हणून मी ऐकून घेत नाही. टोक जाळून बघितलं. कागद जळल्यासारखा वास आला, बोटांत राख भुरभुरली. सुतीच होतं. ही खूणगाठ बांधून ठेवा, पुढं लागेल.

सगळे चौकोन जोडून वजन केलं. किलोला थोडं कमी भरलं. चौकोनांची बेरीज आणि जोडणीचं सूत धरून जेवढं यायला हवं, तेवढंच. तो आकडा मी पुण्याला कळवला आणि त्या दिवसापासून पांघरूण शंभूच्या अंगावर घालायला लागले.

शंभू तेव्हा आठ महिन्यांचा. रात्रीत तीनदा उठून घर डोक्यावर घेणारं पोर. पांघरूण घातल्यापासून उठेना. ऋषिराज म्हणाला, "तुझ्या त्या बाईंना सांग, किंमत वाढवा म्हणावं." मीच उठून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची. सगळ्या आया बघतात, मी जरा जास्त बघते. श्वास चालू असायचा. अगदी संथ.

मग पुण्याहून निरोप आला की धुतल्यानंतरचं वजनही हवंय. मी पांघरूण धुतलं, गच्चीवर थंडीतल्या कडकडीत उन्हात वाळवलं आणि काट्यावर ठेवलं. पाव किलोनं जास्त भरलं. दमट असेल म्हणून आणखी वाळवलं. आकडा तोच. साखरेची एक किलोची बंद पिशवी ठेवून काटा तपासला. काटा बरोबर होता.

आणखी एक गोष्ट. मधल्या वर्तुळातून माझं बोट सहज आरपार जायचं. आता करंगळीसुद्धा पेरापाशी अडली. पट्टी लावली तर चौकोनाचं बाहेरचं माप तेच.

मी हे कळवलं. बाईंचं उत्तर आलं, "तुमचा हात आवळला असेल." विणून झालेल्या वस्तूवर हात कसा आवळेल, हे मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत शंभूचं वजन झालं. ताईंनी झोळी काढून परत अडकवली, परत बघितलं. "मागच्यापेक्षा उतरलंय वो," त्या हळूच म्हणाल्या. बारामतीला डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, छाती, सगळं ठीक. दूध पितो का? पितो. जुलाब? नाहीत. "मग भरेल वजन," डॉक्टर म्हणाले. घरी येऊन मी त्याला वरणभातात तूप वाढवून द्यायला लागले. तो मुकाट खायचा आणि झोपायचा. त्याच्या मांडीवरची वळी सैल पडली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या नणंदेनं, मोनानं, इंदापूरला बोलावलं. निघायच्या घाईत पांघरूण कॉटवरच राहिलं. पहिल्याच रात्री शंभू तीनदा उठला आणि असा रडला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सकाळी मोनानं त्याला पपई भरवली. तो तिचं बोटच चावायला लागला.

"वैनी, उपाशी ठिवला व्हता का काय माझ्या भाच्याला?" ती हसत म्हणाली. "आमची बाग संपवून जातंय बघा हे!"

मी पण हसले. पण आठवडाभर राहून परतताना एसटीत तो मांडीवर होता, आणि माझ्या मांडीला फरक कळला. आईची मांडी कुठल्याही काट्यापेक्षा कमी नसते.

घरी आल्यावर मी आधी पांघरूण उचललं. ते हाताला लुळं लागलं. मधल्या वर्तुळातून बोट सरळ आरपार गेलं. काट्यावर ठेवलं तर पुण्याला कळवलेला पहिला आकडा आला. आम्ही नसताना त्या खोलीत कुणी झोपलं नव्हतं.

मी आत्यांना सगळं सांगितलं. टोमणा येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्या चुलीपासून उठल्या, शंभूच्या वाटीतला भाकरीचा मऊ तुकडा घेतला आणि पांघरुणाच्या घडीत ठेवून आल्या.

"बघू," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही घडी उलगडली. भाकरी होती तशीच. आमच्या घरी साखरेचा कण सांडला तरी मुंग्यांची रांग लागते. त्या तुकड्याला एक मुंगी लागली नव्हती.

"आधी दिला आस्ता तर चाललं आस्तं," आत्या म्हणाल्या. "आता भाकरी न्हाय चालायची, पोरी. त्याला चव कळली."

"कशाची?"

त्या माझ्या खांद्यावरून मागं, खोलीच्या दाराकडं बघत होत्या.

शंभू रांगत आत गेला होता.

खोलीतून आवाज येत नव्हता. रांगणाऱ्या पोराचा आवाज नसणं म्हणजे काय, ते आईला सांगावं लागत नाही.

पांघरूण मी कॉटवर ठेवलं होतं. एक कोपरा खाली लोंबत असणार. त्यानंच ओढलं असणार. मी आजही तसंच म्हणते.

ते फरशीवर होतं. खाली शंभू.

मी ते बाजूला केलं. त्याचे डोळे उघडे होते. तो रडत नव्हता. उजवा हात एका चौकोनाच्या मधल्या वर्तुळात गेला होता, मनगटापर्यंत.

मी ओढला. निघाला नाही.

सूत ताणलेलं नव्हतं. मऊच होतं. कोमट होतं.

"आत्या, कात्री!"

त्यांनी कात्री हातात दिली. मी हळदी वर्तुळ कापलं, मग हिरवी चौकट कापली. दुसऱ्या कापाला हात सुटला आणि शंभूनं जो टाहो फोडला, तेवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. त्याच्या मनगटाभोवती खांबांची नक्षी उमटली होती. एकेक टाका मोजता आला असता.

कापलेला धागा माझ्या बोटांत राहिला होता. मी तो गॅसच्या ज्योतीवर धरला. कागदाचा वास आला नाही. धागा आक्रसला, काळी गुठळी झाली, आणि स्वयंपाकघरात केस जळल्याचा वास पसरला. सुती धागा असा जळत नाही. केस जळतात, नखं जळतात, कातडी जळते.

ऋषिराजला सांगितलं. तो म्हणाला, "सुताला काय दात असतात का, अनिता?" पण त्यानं मनगट बघितलं आणि पिशवी आणायला उठला. आत्या म्हणाल्या, लेकराच्या अंगावरचं जाळत नसतात, वाहत्या पाण्यात सोडायचं. तो ते पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना कालव्यात सोडतो म्हणाला.

शंभूचं वजन भरत गेलं. मांडीवर वळ्या आल्या. मी पुण्याच्या बाईंना कळवलं की हा नमुना मी तपासून दिलेला धरू नका.

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, उसाचा हंगाम संपला, आणि एक दिवस जेवताना ऋषिराज सहज बोलून गेला. आमचा ट्रॅक्टर सोमेश्वरनगरला उसाच्या वाहतुकीवर होता. तिथल्या ऊसतोड टोळीचा मुकादम रामहरी, त्याची माणसं गावाकडं निघाली होती. रामहरीच्या सुनेच्या कडेवर तान्ही पोर होती. पहाटेचा गारठा, आणि पोरीच्या अंगावर नुसता टॉवेल.

"एवढं चांगलं सूत," तो म्हणाला. "पाण्यात टाकायला जीव होईना. पिशवी ट्रॅक्टरातच पडून होती, दिली तिला."

घास माझ्या हातातच राहिला. मी तिथंच ऋषिराजच्या मोबाइलवरून रामहरीला फोन लावला.

"वैनी, लई बेस हाय बगा पांघरूण," तो खुशीत म्हणाला. "पोरगी आदी रडून रडून जीव खायाची. आता हूं का चूं न्हाय. झोपूनच आस्ती."

"रामहरी, ते तिच्या अंगावरून काढा. आत्ता काढा." काय सांगावं कळेना, म्हणून खरं होतं तेवढंच सांगितलं. "एक चौकोन कापलेला आहे. धागे सुटलेत, पोरीची बोटं अडकतील."

"कापल्याला?" तो फोन लांब धरून कुणाशी तरी बोलला, मग परत आला. "न्हाय वो. म्या सोता बगितलं. कुटंच भोक न्हाय त्याला. गच्च हाय, वाकळेवानी. आन् जड तर काय विचारू नगा."

मी आणखी ओरडले. तेवढ्यात रेंज गेली. त्यानंतर तो नंबर लागलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऋषिराजला घेऊन सोमेश्वरनगरला गेले. टोळीच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, जागी चुलींचे काळे डाग होते आणि उसाच्या पाचटाचा कचरा उडत होता. मग तो त्यांच्या गावीही जाऊन आला. घराला कुलूप. टोळी परस्पर दुसरीकडं कामाला गेली होती; वीटभट्टीवर, कुणी म्हणालं. कुठल्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आत्या आता सूचना करत नाहीत. रोज जेवताना एक तुकडा ताटाबाहेर काढून ठेवतात, आणि मी हसत नाही.

म्हणून हे लिहिलंय. तुमच्या गावाजवळ भट्टी असेल, पालं पडली असतील, झाडाला झोळी टांगलेली दिसली, तर जाऊन बघा. ज्वारीच्या रंगाचे चौकोन, मधे हळदी, कडेला हिरवी चौकट. भोकं शोधू नका, ती आता नसतील. बाळ शांत झोपलंय म्हणून बरं वाटून परत फिरू नका. आधी पांघरूण उचला. त्याला तुमचे दोन्ही हात लागतील.

मग बाळाला उचला. त्याला बहुतेक एक पुरेल.