कवंदीचं पोट

हे मी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. तू उद्या हल्याळहून निघून जाशील, म्हणून तुला सांगते. ऊन उतरेपर्यंत बस.

आम्ही सिद्दी बायका जुन्या लुगड्यांच्या ठिगळांची कवंदी, म्हणजे तुमची गोधडी, शिवतो, ते तू पाहिलंसच. टाका कडेपासून धरायचा आणि फिरत फिरत आत यायचं. चारी कोपऱ्यांना घड्यांची फुलं लावायची, नाहीतर कवंदी नागडी दिसते. आणि मधलं शेवटचं ठिगळ मिटण्याआधी त्याच्याखाली चिमूटभर तांदूळ ठेवायचे. कवंदीचं पोट उपाशी राहिलं, तर ती पांघरणाऱ्याचंही भरू देत नाही, असं आमच्यात म्हणतात.

लुसीन माझी धाकटी जाऊ. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला मुलगी झाली. माझ्या घरी चौदा वर्षांत पाळणा हलला नव्हता. ती आपल्या मेलेल्या आईचं लुगडं घेऊन माझ्याकडे आली.

"अक्का, पाळण्यापुरती शिवून दे. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

"फुलं कसली लावू? लाल की पिवळी?"

"दोन्ही लाव की. तुला काय, मागं रडणारं कुणी नाही."

ती सहज बोलून गेली, पण माझ्या काळजाला डागणी बसली. मी तीन पदरांची फुलं केली, लालावर पिवळं, त्यावर पुन्हा लाल. बायकांची नजर कोपऱ्यांवरच राहावी म्हणून. मधलं ठिगळ मात्र रिकामंच मिटलं. तांदळाचं सूप हाताशी होतं, त्याच्याकडे बघत बघत मी दोरा ओढला. आजही त्याची लाज वाटते.

चार दिवसांत पोर रडायला लागली. लुसीन पाजून पाजून सुकली, पण पोरीच्या अंगी काही लागेना. महिन्याभरात तिच्या हातापायांच्या काड्या झाल्या.

"अक्का, ही सगळं पिते... मग जातं कुठं गं?"

मी खाली मान घालून भांडी घासत राहिले.

त्या रविवारी सगळे चर्चला गेले. पोरीजवळ मी एकटी होते. भर दुपार, अंगणात पान हलत नव्हतं. पोर कवंदीवर निजलेली, तोंड घट्ट मिटलेलं. आणि आवाज येत होता... बाळ दूध ओढतं तसा. चुटुक... चुटुक.

मी पोरीला उचलून छातीशी धरलं. आवाज खालीच चालू राहिला. आंबूस दुधाचा वास आला. मी ब्लेडनं मधल्या ठिगळाचा दोरा कापला, आत बोट घातलं. आतलं कापड ओलं होतं, आणि कोमट.

मूठभर तांदूळ कोंबले. घाईघाईनं टाके घातले. आवाज थांबला. त्या संध्याकाळी पोर पहिल्यांदा पोटभर निजली.

पुढच्या रविवारी मी ठिगळ चाचपलं, तर ते सपाट होतं. टाके माझेच, एकही तुटलेला नाही. उसवून पाहिलं, आत एक दाणाही उरला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी गुडघेदुखीचं निमित्त काढून मी घरी राहते. उसवते, भरते, शिवते. ती पोर, नातालीन, आता पाच वर्षांची आहे आणि त्या कवंदीशिवाय झोपत नाही. "अक्काची माया बघा, अजून टाके घालत असते," असं लुसीन चारचौघींत सांगते. तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं.

या रविवारी मी तापानं फणफणले होते. उठवलंच नाही. काल सकाळी नातालीन माझ्या खाटेपाशी आली. खांद्यावर कवंदी, मुठीत तांदूळ.

"थोरल्याई, हे घाल. तिला भूक लागलीय."

"कुणाला गं...?"

ती खाटेवर चढली, माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तू रडू नको. ती रागावली नाहीये. नुसतं विचारतेय... पहिल्या दिवशी का नाही दिलंस?"