थांबा म्हणणारी बाई

पिल्लू आणलंत, बरं केलंत. दिवे येईपर्यंत बसा जरा. एक गोष्ट सांगतो, कुत्रा पाळणाऱ्याला ती ठाऊक असलेली बरी.

माझ्या ताईने गावाबाहेरचं घर विकलं तेव्हाची ही गोष्ट. भाऊजी गेल्यावर तिला तिथे एकटीला करमेना, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. सामान थोडं आणि कुत्रा भलामोठा. भोपळ्या त्याचं नाव. रंगाने भोपळा आणि अकलेनेही, असं भाऊजी म्हणायचे. पण ताटातला पहिला घास त्यालाच द्यायचे. त्यांच्यामागे ताई मोकळेपणी बोलायची ती फक्त भोपळ्याशी.

घराचा ताबा अजून द्यायचा होता आणि तिची शिलाई मशीन तिथेच राहिली होती. "मशीन घेऊन ये, आणि यालाही ने. पाय मोकळे होतील त्याचे," ताई म्हणाली. भर दुपारी आम्ही पोचलो. शेजारचं घर कित्येक वर्षांपासून बंद होतं. वाराही नव्हता. कुलूप काढलं तर त्याचा आवाज रिकाम्या खोल्यांतून फिरून परत आला.

मी मशीन दारापाशी ओढत आणली आणि मागून भोपळ्या केकाटला. एकदाच. मग सगळं चिडीचूप.

धावत मागे गेलो. परसात विटांचा ढीग होता. त्यात काहीतरी आखूड, जाडजूड, मातीच्या रंगाचं सरकत गेलं. भोपळ्या पुढच्या पंजाने तोंड घासत होता. नाकाच्या बाजूला रक्ताचे दोन बारीक ठिपके होते आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा गाल फुगायला लागला.

कसाबसा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या शांतपणे बोलल्या.

"साप शोधत बसू नका. मारायला तर जाऊच नका. आधी गळ्यातला पट्टा काढा, सूज गळ्यापर्यंत आली की आवळेल तो. चालू देऊ नका त्याला, उचलून आणा. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, बर्फ लावायचा नाही, घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही. निघा. मी सापाच्या विषावरची लस काढून ठेवते."

फोन तसाच चालू ठेवून मी खिशात टाकला आणि पट्टा सोडवला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "थांबा जरा..."

कुंपणापाशी एक बाई उभी होती. साधी, चाळिशीची असेल. शेजारची असावी असं मला वाटलं; ते घर बंद आहे हे त्या घाईत सुचलंच नाही.

"साप चावलाय हो कुत्र्याला," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणते. हलवू नका. सावलीत ठेवा... उतरतं आपोआप."

ती कुंपणाच्या आत कधी आली ते कळलं नाही. परसात वाळलेल्या पानांचा थर होता, पण पान वाजलं नाही. बंद पेटीतल्या कपड्यांना येतो तसा वास आला.

"पाय बांधा हवं तर. नाही तर थोडं कापा... आणि थांबा."

"डॉक्टर म्हणतात लगेच या."

"सगळेच म्हणतात." तिचा आवाज फार मायेचा होता. "रस्ता लांबचा, ऊन किती. धक्के बसतील त्याला. आम्ही थांबलो होतो... मग दुखायचं बंद झालं."

मला ते पटायला लागलं. भीतीच्या वेळी कोणी बस म्हटलं की माणसाला बसावंसंच वाटतं. भोपळ्याही शांत झाला होता. मला वाटलं, सूज उतरतेय बहुतेक. मी खरंच त्याच्याजवळ टेकलो. त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर बाही ओली लागली. त्याच्या हिरड्यांतून रक्त पाझरत होतं.

खिशातून बारीक आवाज आला, "निघालात की नाही?"

मी त्याला दोन्ही हातांवर उचललं. केवढं ते ओझं. ती वाटेत उभी होती. "नका हो नेऊ..." ती म्हणाली. रागाने नव्हे, मन दुखावल्यासारखं. मी खांदा वळवून बाजूने निघालो. अंगाला अंग लागायला हवं होतं. लागलं नाही.

मशीन दारातच राहिली. गाडीत मी सबंध रस्ताभर भोपळ्याशी बोलत होतो, काय बोललो ते आठवत नाही. आरशात पाहायचं मात्र टाळलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी उभी करून ठेवली. "गोठायला हवं हे," म्हणाल्या. पुन्हा पाहिलं तर पाण्यासारखं हलत होतं. त्यांनी लस सलाइनमधून सुरू केली. ताई आली, ती थेट फरशीवर त्याच्या शेजारी बसली. "मूर्खा, विटांत काय पुरून ठेवलं होतंस?" एवढंच म्हणाली आणि त्याचा पंजा हातात धरून राहिली.

सकाळी पुन्हा घेतलेलं रक्त नळीत गोठलं. भोपळ्याने सुजलेलं तोंड कसंबसं उचलून ताईकडे पाहिलं, आणि ती पहिल्यांदाच रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. बघू म्हणून बसला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

कुंपणापाशी भेटलेल्या त्या बाईबद्दल मी कोणाशीच बोललो नव्हतो. दिवसाउजेडी मला स्वतःलाच ते खरं वाटेना.

निघताना डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "एक विचारायचं राहिलं. ते मूल कोणाचं?"

"कुठलं मूल?"

"फोन चालू होता ना तुमचा. मागे एक लहान मूल कण्हत होतं सारखं. त्यालाही चावलं नव्हतं ना?"

भोपळ्याच्या पाठीवरून फिरणारा ताईचा हात थांबला. "त्या रस्त्याला मूल कुठलं? शेजारचं घर बंद पडल्यापासून तिथे कोणीच नाही," ती म्हणाली.

"मला स्पष्ट ऐकू आलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही गाडी सुरू केलीत, तेव्हा ते ओरडायला लागलं... मलापण न्या, मलापण न्या."