खरपुडीचे खड्डे

"शरणम्माबाई, डोंगर लुटला," तिच्या उदगीरच्या कचेरीत शिरताच वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक किशनराव म्हणाले. "कंदिलासारखं फूल येणारी खरपुडी नव्या लातूर जिल्ह्यात फक्त जळकोटच्या माळावर उरली होती. तीही गेली. चोर शेळ्यावाला दगडोबा. चराई बंद करण्याचा अर्ज उद्या कलेक्टर कचेरीत देतो. तुम्ही पुरावा द्या."

खासगी गुप्तहेर शरणम्मानं आधी माळ बघायचं ठरवलं. तिचा मदतनीस माणिकप्पा याला मात्र दगडोबा तत्काळ दोषी वाटला. पहिला संशयित त्याला नेहमीच दोषी वाटे, वेळ वाचे.

माळावर दगडोबा काठीला रेलून उभा होता. "दुष्काळात दुसरीकडं काडी न्हाई, बाई. माळ बंद झाला तर शेरडं इकावी लागतील."

"खरपुडी त्यांनीच खाल्ली ना?" माणिकप्पानं दरडावलं.

"शेंडा खाल्ला आसंल. मुळं कशाला उकरतील?"

शरणम्मा खाली वाकली. रोपं कंदासकट उपटलेली. प्रत्येक खड्डा मातीनं बुजवून वर पायानं दाबलेला.

"रानडुक्कर," माणिकप्पानं निकाल दिला.

"फार सभ्य रानडुक्कर," शरणम्मा म्हणाली.

पायथ्याच्या हॉटेलात नागुबाईनं भजी कागदाऐवजी पळसाच्या पानावर दिली.

"यात खरपुडीचा कंद घालता काय?" माणिकप्पाचा संशय तिच्याकडे वळला.

"कांदा परवडंना, कंद कुठला आणू? खा गुमान."

"आणि कागद?" शरणम्मानं विचारलं.

"कालेजच्या पोरांनी समदी रद्दी नेली. परीक्षा हाय म्हणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्ज जाण्यापूर्वी, शरणम्मानं सर्वांना किशनरावांच्या प्रयोगशाळेत जमवलं.

"शेळी कंद उकरत नाही. भुकेला माणूस किंवा डुक्कर खड्डा बुजवत नाही. रोप मुळासकट काढा, मग खड्डा बुजवा, ही शिस्त कोण शिकवतं?"

"मी," किशनराव अभिमानानं म्हणाले.

"रोप दाबून वाळवायला काय लागतं?"

"जुनी वर्तमानपत्रं..." त्यांचा आवाज खाली आला.

"दुर्मीळ वनस्पतीला जादा गुण?"

"पाच."

तिनं कपाट उघडलं. विद्यार्थ्यांचे न तपासलेले गठ्ठे बाहेर आले. कागदाकागदावर चपटी, वाळलेली खरपुडी. खाली सुवाच्य अक्षरांत: 'अतिदुर्मीळ. जतन आवश्यक.'

माणिकप्पानं दगडोबाकडे पाहणं टाळलं.

भुजंग नावाच्या आळशी विद्यार्थ्यानं मात्र रोप वाळवलंच नव्हतं. कागदात गुंडाळून तसंच दिलं होतं. किशनरावांनी कंदाला नख लावलं. आत ओल होती; कंद अजून जिवंत होता. भुजंगला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि अर्ज फाडला.

दुपारी कंद माळावर पुरून, भोवती काटे रचून, ते दगडोबाला म्हणाले, "शेळ्या खुशाल चारा. आमच्या कॉलेजचं कुणी दिसलं तर हाकलून द्या."

"तुमाला बी, सर?"

किशनरावांनी शास्त्रीय गांभीर्यानं विचार केला.

"मला आधी."