सन्मान मंडळाच्या फोटोतली एकतीस डोकी

"लखोटा कात्रीनं कापलाय. नीट, कडेकडेनं," विल्मा ऑस्टरगार्ड म्हणाल्या.

"कापणारी सापडली आहे, बाई," उपमुख्याध्यापक ह्यूबर्ट लिंडक्विस्ट वैतागून म्हणाला. "पालकांचा हट्ट होता, बाहेरच्या माणसानं एकदा बघावं म्हणून. तुम्ही बघितलंत. आता सही करा, म्हणजे मी सुटलो."

तीस वर्षांपूर्वी विल्माबाईंनी ह्यूबर्टला भूगोल शिकवला होता. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाचा परवाना काढला. ह्यूबर्ट अजून त्यांच्यासमोर हात खिशातून बाहेर काढूनच उभा राहत असे.

"आधी मला सांग, काय झालं. सावकाश."

ह्यूबर्टने सुस्कारा सोडला. काल शाळेत वार्षिक अंकासाठी मंडळांचा फोटो दिवस होता. एकूण त्रेचाळीस मंडळं. बुद्धिबळ, विणकाम, मासेमारी, आणि यंदा पोरांनी चक्क डुलकी मंडळही काढलं होतं. दहा-दहा मिनिटांनी एकेक मंडळ जिममध्ये येऊन फोटो काढून जायचं. सन्मान मंडळाची वेळ दहा वीसची. तेवढ्या वेळात त्यांच्या खोलीतलं कपाट उघडून कुणीतरी सीलबंद लखोटा फोडला. कोणता विद्यार्थी स्वभावाने कसा आहे, हे शिक्षकांनी गुप्तपणे लिहून दिलेले कागद त्यात होते.

"कपाटाची किल्ली कुंडीखाली असते. हे फक्त तिघांना ठाऊक. अध्यक्ष ब्रेक कॅलिस्टर, उपाध्यक्ष इमोजेन टटल आणि चिटणीस ज्युनिया. मंडळात मुलं बत्तीस. मंडळ सांभाळणाऱ्या थ्रेलकेल्डबाईंनी फोटोच्या वेळी डोकी मोजली, एकतीस. नव्हती ती इमोजेन. झालं."

"आणि तिचं काय होणार?"

"काल जेवणाच्या सुट्टीत, भर भोजनगृहात, मी तिचा मंडळाचा खांद्यावरचा पट्टा काढून घेतला. आज नर्सिंग कॉलेजला शाळेचं पत्र जाणार होतं, ते थांबवलंय. ते गेलं नाही तर तिची जागा जाते. मला काय आनंद होतो का, बाई?"

"मुलांना बोलाव."

इमोजेन आली. डोळे कोरडे होते, पण रात्रभर झोप नसल्याचं दिसत होतं.

"शर्टवर मोहरीची चटणी सांडली होती, बाई. बाथरूममध्ये धूत होते. डाग निघेना. तशीच धावत गेले, तर फोटो झालेला. सरांना चार वेळा सांगितलं."

"पाच वेळा," ह्यूबर्ट पुटपुटला.

मग ज्युनिया आली. ती पहिल्या रांगेत मेणबत्ती धरून बसली होती, फोटोत तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"फोटोला वेळ लागला का गं?" बाईंनी विचारलं.

"मागून मासेमारीवाले गळ घेऊन घुसत होते, त्यामुळे थ्रेलकेल्डबाईंनी घाईघाईत मोजलं. त्यात फोटोवाल्यानं दुसरा फोटो काढला, सगळ्यांनी जीभ बाहेर काढून. बाई इतक्या चिडल्या की त्याला तो तिथल्या तिथे पुसायला लावला."

ब्रेक कॅलिस्टर उंच आणि नीटनेटका होता. आल्याआल्या त्याने बाईंसाठी खुर्ची ओढली.

"मी शेवटच्या रांगेत, डाव्या टोकाला. हा काय माझा लाल गोंडा."

फोटोत अध्यक्षाच्या पट्ट्याचा लाल गोंडा ठळक दिसत होता. त्यावरचा चेहरा मात्र पुढच्या मुलीच्या केसांच्या डोंगराआड गेला होता. कपाळ तेवढं दिसत होतं.

"फोटोत काही गंमतजंमत?"

"आमच्यात तसलं काही नसतं, बाई. सरळ उभे राहिलो, एकच फोटो, आणि निघालो. इमोजेनचं वाईट वाटतं, पण नियम तो नियम."

"शहाणा आहेस," बाई म्हणाल्या. तो गेल्यावर त्या फोटोंचा गठ्ठा चाळू लागल्या. "ह्यूबर्ट, विणकाम मंडळात हा दात काढणारा मुलगा कोण?"

ह्यूबर्टने कपाळावर हात मारला. "ड्यूई प्रुइट. कशाचा सभासद नाही, पण यंदा प्रत्येक मंडळाच्या फोटोत घुसायचं ठरवलंय त्यानं. सहा वेळा मी स्वतः त्याला कॉलर धरून रांगेतून बाहेर काढला, तर माझी पाठ वळताच पुन्हा हजर."

"किती फोटोंत आहे?"

ह्यूबर्टने चिडचिडत मोजले. "बेचाळीस. सन्मान मंडळ सोडून सगळे."

ड्यूईला बोलावलं. "एक कसा सुटला रे?" बाईंनी विचारलं.

"दमलो होतो, बाई," ड्यूई म्हणाला आणि जमिनीकडे बघून हसला. "अंक छापून आला की बघा."

तो गेल्यावर बाईंनी चष्मा पुसला. "ह्यूबर्ट, सगळ्यांत अवघड फोटो कोणता?"

"सन्मान मंडळाचा. पट्ट्याशिवाय तिथे कुणाला उभंच करत नाहीत."

"मग बेचाळीस फोटोंत घुसणारा मुलगा नेमका तोच सोडेल?"

ह्यूबर्टचं तोंड उघडंच राहिलं. "पण मग डोकी बत्तीस व्हायला हवीत."

"एकतीसच आहेत. म्हणजे ड्यूई आत आला आणि इमोजेनशिवाय आणखी एक सभासद बाहेर होता. तुम्ही डोकी मोजलीत, कुणाची ती बघितलं नाहीत. पट्टा घातलेला म्हणजे आपला, एवढंच. ज्या एका सभासदाचा चेहरा दिसत नाही, तोच गोंडा दाखवतोय. आणि दोन फोटो काढले, हे त्याला माहीतच नाही. मग जीभ काढली कुणी? शेजारच्यानं ड्यूईला ओळखलं असणारच. पण ड्यूई सगळीकडेच घुसतो, त्यात नवल काय? आणि त्याच्या जागी कोण कमी झालं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही."

"अध्यक्ष गैरहजर राहिला असता तर लगेच कळलं असतं," ह्यूबर्ट सावकाश म्हणाला. "म्हणून बदली माणूस."

ड्यूईला पुन्हा बोलावलं तेव्हा त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं. पोट दुखतंय म्हणून ब्रेकने पट्टा दिला होता. अंक छापेपर्यंत गप्प राहायचं ठरलं होतं. लखोट्याशी याचा संबंध असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

ब्रेकने फार वेळ नाकारलं नाही. "मला फक्त बघायचं होतं, माझ्याबद्दल काय लिहिलंय."

"काय लिहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

ब्रेकने बुटांकडे बघत म्हणून दाखवलं. "'हुशार आहे. पण कुणी बघत असेल तरच काम करतो.'"

तो गेल्यावर ह्यूबर्ट म्हणाला, "याला काढूनच टाकतो."

"सतराव्या वर्षी आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कुणाला वाचावंसं वाटणार नाही? त्याबद्दल थोडं रागाव. पण इमोजेनवर आळ आला आणि हा गप्प बसला, त्याची शिक्षा मात्र पुरेपूर दे. आणि आधी तू तुझं काम कर."

ह्यूबर्टने कॉलेजला पत्र पाठवलं. पट्टा घेऊन तो व्हरांड्यात आला. इमोजेन बाकावर बसली होती. त्याने पट्टा पुढे केला.

तिने हात पुढे केला नाही. "इथे नको, सर. काढून घेतलात तिथे."

जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती. भोजनगृहात तीनशे पोरांचा गलका होता, ट्रे आदळत होते. ह्यूबर्ट मधोमध जाऊन उभा राहिला. पट्टा हातात होता, कान लाल झाले होते. एकेका टेबलावरचं बोलणं थांबत गेलं.

"काल मी इथे चूक केली," तो म्हणाला. आवाज नीट निघाला नाही म्हणून त्याने तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटलं.