टणक केलेली भिंत

समुद्रतळावरच्या त्या वसाहतीत दवाखान्याची भिंत पारदर्शक होती आणि तिच्यात एक भेग सरकत होती. तासाला चार बोटं. भिंतीलगत भिकाजी तांडेलची बायको सुलभा पडून होती. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, अजून दोन दिवस तिला जागचं हलवायचं नव्हतं. तांडेल वसाहतीचा मुख्य फिटर. त्याने तीन दिवस तहानभूक विसरून हातात धरायच्या किरणभट्टीने तिच्या खाटेमागचा भिंतीचा तुकडा दुप्पट टणक करून टाकला होता. बाकीची भिंत राहिली तशीच. राहीना का, त्याला काय त्याचं.

आणि भेग त्या तुकड्यापाशी येऊन खरंच वळली. तांडेलचा जीव भांड्यात पडला. भिंतीच्या काचेची तज्ज्ञ वसुधा नेरुरकर मात्र सकाळपासून भेगदर्शकासमोर नुसती उठत-बसत होती.

"वळली ना, बाई? मग तोंड कशाला पाडलंय?"

"वळली म्हणूनच. भिंत सगळीकडे सारखी असती, तर भेग सरळ गेली असती. ती टणकाला टाळते, मऊकडे ओढली जाते. तुमच्या तुकड्याला टाळतेय, पण सोडत नाहीये. कडेकडेने चाललीय. वरची बाजू झाली, आता खाली उतरतेय."

"उतरू दे. तुकड्याला तर धक्का नाही."

"नाहीच लागणार. उद्या दुपारपर्यंत तो चारी बाजूंनी कापला जाईल आणि अख्खाच्या अख्खा आत येईल. त्याच्यामागे समुद्र आहे, तांडेल."

त्याला स्वतःच्या हातांची चीड आली. "म्हणजे मीच तिला..."

"मऊ जागेत भेगेचं टोक बोथट होऊन अडकतं," वसुधा म्हणाली. "त्याच भट्टीने मंद आचेवर एक पट्टा तापवून मऊ करा आणि भेग आत ओढून घ्या. कडेला अडकवली तर पुन्हा कडेनेच निघेल."

"कुठवर?"

तिने बोट दाखवलं. तुकड्याच्या बरोबर मधोमध, सुलभाच्या उशीच्या वरच्या बाजूला.

त्याने भट्टी उचलली.

"अहो, काय करताय?" सुलभाने पडल्यापडल्या विचारलं.

"भिंत मऊ करतोय."

"माझ्या डोक्यावरची?"

"हो."

"मग घाई करू नका. नीट करा."

त्याने पट्टा तापवला. भेग कडेवर थबकली, मग आत वळली. तासाभरात ती चार बोटं सुलभाकडे सरकली होती. जन्मभर भेगा बुजवत आलेला तांडेल काचेला कपाळ टेकून त्या भेगेला म्हणत होता, "ये. अजून जरा ये."